एका लेखिकेचे दप्तर

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन हे शहर आहे. तेथील येल विद्यापीठाच्या आवारात बायनेकी ग्रंथालय उभे आहे. १९६३ साली खुल्या झालेल्या या इमारतीच्या वरच्या भागाला खिडक्या नाहीत. भिंतींच्या जागी संगमरवराच्या पातळ शिला बसविल्या आहेत. त्यांतून उन्हाचा ताप आत येत नाही, मंद पिवळसर उजेड तेवढा झिरपतो. आत काचेच्या उंच मनोऱ्यात दुर्मीळ ग्रंथ रचलेले आहेत. पाटण किंवा जैसलमेरचे ज्ञानभांडार ज्यांनी पाहिले आहे आणि ज्ञानपंचमीला पोथ्यांवरची धूळ ज्यांनी झटकली आहे, त्यांना या रचनेमागची काळजी समजावून सांगावी लागणार नाही. ऊन, दमट हवा आणि कसर यांपासून कागद वाचवायचा, हीच दोन्हीकडची चिंता.

याच ग्रंथालयात रेचल कार्सन यांचे दप्तर आहे. हस्तलिखिते, टिपणवह्या, पत्रव्यवहार, कात्रणे, छायाचित्रे असा तो संग्रह. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ म्हणजे ‘निःशब्द वसंत’ या पुस्तकाच्या लेखिका म्हणून जग त्यांना ओळखते. कीटकनाशकांच्या बेसुमार फवारणीविरुद्ध सामान्य वाचकाला जागे करणारे ते पुस्तक. त्याची कीर्ती पुष्कळदा सांगून झाली आहे. दप्तर मात्र त्या कीर्तीच्या मागचा व्यवहार दाखविते, आणि व्यापारी घरात वाढलेल्या वाचकाला तो विशेष जवळचा वाटेल. लेख विकून घर चालविणाऱ्या एका स्त्रीने पत्रांच्या कार्बन प्रती जपल्या, आपल्या विधानांचे मूळ कागद हाताशी ठेवले, आणि एका बलाढ्य उद्योगाने तिचा हिशेब तपासायला काढला तेव्हा वही उघडून दाखविण्याची तिची तयारी होती.

कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंगडेल या गावी झाला. वडिलांची मिळकत बेताची. आई मारिया पियानोच्या शिकवण्या करीत. मुलांसाठीच्या ‘सेंट निकोलस’ मासिकात रेचलची गोष्ट छापून आली ती १९१८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी. लेखिका व्हायचे म्हणून त्या महाविद्यालयात गेल्या आणि तेथे एका शिक्षिकेच्या प्रभावाने जीवशास्त्राकडे वळल्या. १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतली. मंदीचे दिवस होते. डॉक्टरेटचा विचार सोडून द्यावा लागला, आणि १९३५ साली वडील वारले.

सरकारी मत्स्य विभागाला तेव्हा सागरी जीवांवर आकाशवाणीसाठी छोटी भाषणे लिहून हवी होती. बावन्न भागांची ती माला कार्सन यांनी लिहिली. मोबदला दिवसाला साडेसहा डॉलर. विभागप्रमुखांनी पुढे एका सरकारी पुस्तिकेची प्रस्तावना त्यांच्याकडून लिहवून घेतली. ती वाचून ते म्हणाले की, हे सरकारी कामाला चालणार नाही, हे ‘अटलांटिक’ मासिकाकडे पाठवा. १९३७ साली तो लेख तेथे छापला गेला. त्याखाली आणि त्या काळच्या वृत्तपत्रांतील लेखांखालीही नाव आहे ते ‘आर. एल. कार्सन’. विज्ञानावर लिहिणारी व्यक्ती पुरुषच असणार, असे वाचकाला वाटले तर वाटू द्यावे, हा त्यामागचा हिशेब. त्याच वर्षी मोठी बहीण वारली आणि तिच्या दोन लहान मुलींची जबाबदारी आजीवर आणि मावशीवर आली. विभागात कायम नोकरी लागली होती, तरी पगार चार माणसांच्या घराला अपुरा पडे. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी लेख लिहायचे, आईने ते टंकलिखित करायचे आणि मासिकांकडे पाठवायचे, अशी अनेक वर्षे गेली.

या धडपडीच्या काळातील एक पत्र पुढच्या अभ्यासकांना फार मोलाचे वाटले. जुलै १९४५ मध्ये कार्सन यांनी ‘रीडर्स डायजेस्ट’च्या संपादकांना एका लेखाचा विषय सुचविला. त्यांच्या घरापासून जवळच, मेरीलँडमधील पॅटक्सेंट येथे, डीडीटीचे प्रयोग चालू होते. हे द्रव्य किडीबरोबर उपकारक कीटकांचे आणि पाण्यापक्ष्यांचे काय करते, निसर्गाचा तोल त्याने ढळतो काय, याची तपासणी तेथील शास्त्रज्ञ करीत होते. त्यावर लिहावे, अशी त्यांची इच्छा होती. त्या वेळी डीडीटीचा केवढा बोलबाला होता! युद्धात सैनिकांना टायफसपासून वाचविणारे ते औषध. १९४८ साली त्याच्या गुणांचा शोध लावणाऱ्या पॉल म्युलर यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. मासिकाला विषय रुचला नाही. कार्सन यांनी तो बाजूला ठेवला. स्वतंत्र लेखकाला विकत न जाणारा माल उराशी धरून बसता येत नाही. पण विषय सुचविणारे ते पत्र राहिले. ‘सायलेंट स्प्रिंग’ हे एका संतापाच्या भरात लिहिलेले पुस्तक आहे, या आक्षेपाला त्या एका कागदावरची तारीख परस्पर उत्तर देते. पुस्तक निघण्यापूर्वी सतरा वर्षे हा प्रश्न लेखिकेच्या मनात होता.

पहिल्या पुस्तकाचे नशीबही असेच निघाले. ‘अंडर द सी-विंड’ १ नोव्हेंबर १९४१ रोजी बाहेर आले आणि पाचच आठवड्यांनी पर्ल हार्बरवर बाँब पडले. युद्धाच्या गदारोळात समुद्रपक्ष्यांची आणि माशांची कथा कोण वाचणार? दोन हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत.

१९४८ साली कार्सन यांनी मेरी रोडेल यांना आपल्या साहित्यिक प्रतिनिधी म्हणून नेमले. अमेरिकेत लेखकाच्या वतीने मासिकांशी आणि प्रकाशकांशी सौदा करणारा असा प्रतिनिधी असतो. आपल्याकडील अडत्याशी त्याचे काम पुष्कळसे जुळते. रोडेल स्वतः रहस्यकथा लिहीत आणि त्या कशा लिहाव्यात यावर त्यांचे पुस्तकही होते. दोघींचा हा व्यवहार कार्सन यांच्या मृत्यूपर्यंत चालला आणि त्यानंतरही, हे पुढे दिसेलच. समुद्रावरील दुसऱ्या पुस्तकाची प्रकरणे रोडेल यांनी एकामागून एक मासिकांकडे पाठविली आणि ती परत येत राहिली. अखेरीस ‘न्यूयॉर्कर’ने त्यांतील बराच भाग जून १९५१ मध्ये क्रमशः छापला. जुलैत ‘द सी अराउंड अस’ पुस्तकरूपाने निघाले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सर्वाधिक खपाच्या यादीत ते ८६ आठवडे राहिले. १९५२ साली त्याला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कार्सन यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. पुढच्या पुस्तकाच्या कामासाठी गुगेनहाइम प्रतिष्ठानने त्यांना शिष्यवृत्ती दिली होती. पुस्तकाच्या विक्रीतून पैसा येऊ लागल्यावर ती आपल्याला आता लागत नाही म्हणून त्यांनी ती परत केली. वर्षानुवर्षे डॉलर मोजून घर चालविलेल्या व्यक्तीची ही कृती आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

पुस्तकाच्या पैशांतून मेन राज्याच्या किनाऱ्यावर, साउथपोर्ट बेटावर, त्यांनी एक छोटे घर बांधले. ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यातील जीव त्या घरी आणीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास न्याहाळीत. काम संपले की ते जीव समुद्राच्या पाण्याच्या बादलीत ठेवून परत किनाऱ्यावर न्यायचे आणि सोडायचे, असा त्यांचा परिपाठ होता. रात्र फार झाली असली तर हातात विजेरी घेऊन त्या जात. त्यांचे संपादक पॉल ब्रुक्स यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. सामायिकापूर्वी इरियावहिय सूत्र म्हणताना मुंग्यांची वारुळे, दव, शेवाळ, माती, कोळ्याची जाळी यांच्या विराधनेबद्दल क्षमा मागणाऱ्या श्रावकाला या बादलीचा अर्थ सांगावा लागत नाही. एका परक्या देशातील, परक्या धर्मसंस्कारातील बाईला हे कोणी शिकविले नव्हते.

दप्तरातील सर्वांत भरगच्च भाग आहे तो १९५८ नंतरचा.

त्या वर्षीच्या जानेवारीत ओल्गा ओवेन्स हकिन्स या त्यांच्या परिचित स्त्रीने बॉस्टनच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहिले. मॅसॅच्युसेट्समधील डक्सबरी येथे हकिन्स पतिपत्नींनी पक्ष्यांसाठी खासगी आश्रयस्थान राखले होते. आदल्या उन्हाळ्यात डास मारण्यासाठी सरकारी विमानाने त्यावरून डीडीटीची फवारणी केली आणि पाठोपाठ पक्षी मरून पडले. त्या पत्राची प्रत हकिन्स यांनी कार्सन यांना पाठविली आणि वॉशिंग्टनमध्ये याबाबत कोणाकडे दाद मागावी, अशी विचारणा केली. त्याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर मार्जरी स्पॉक आणि त्यांच्या एका मैत्रिणीने सरकारविरुद्ध खटला भरला होता. पतंगाच्या एका जातीचा नायनाट करण्यासाठी इंधन तेलात मिसळलेले डीडीटी त्यांच्या सेंद्रिय बागेवर विमानातून फवारले गेले होते. खटला त्या हरल्या. तथापि न्यायालयात रोज काय घडले याची माहिती स्पॉक कार्सन यांना पत्रांतून कळवीत राहिल्या. तज्ज्ञांच्या साक्षी, शास्त्रीय निबंधांचे पत्ते, नावे असा बराच ऐवज या हरलेल्या खटल्यातून कार्सन यांच्या दप्तरात आला.

आरंभी हे काम स्वतः करण्याचा कार्सन यांचा विचार नव्हता. ‘न्यूयॉर्कर’चे लेखक ई. बी. व्हाइट यांनी त्यावर लिहावे म्हणून त्यांनी त्यांना पत्र घातले. व्हाइट यांनी ते काम त्यांच्याकडेच परत सोपविले. आधी एक मासिक-लेख, मग एक छोटे पुस्तक, असे ठरले. काही महिन्यांचे म्हणून हाती घेतलेले काम चार वर्षे चालले.

ही चार वर्षे पत्रांत वाचावीत. कार्सन यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, विद्यार्थी नव्हते, अनुदान नव्हते. होती ती पत्रे लिहिण्याची चिकाटी. पक्षितज्ज्ञ, कर्करोग-संशोधक, मृदाशास्त्रज्ञ, वैद्य, ग्रंथपाल यांना त्या लिहीत. किडी विषाला कशा पचवितात यावर हॉलंडमधील वनस्पतिसंरक्षण खात्याचे प्रमुख ब्रिएयेर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. सरकारी खात्यांतील काही शास्त्रज्ञ नाव न सांगण्याच्या अटीवर माहिती देत. त्यांना नोकरी टिकवायची होती. कार्सन यांना कोणी नोकरीवरून काढू शकत नव्हते, कारण त्यांना नोकरीच नव्हती. ज्या अस्थिर धंद्यापायी त्यांनी इतकी ओढाताण सोसली होती, त्याची ही दुसरी बाजू.

या पत्रव्यवहारातून एकेक प्रकरण कसे उभे राहिले हे पाहण्यासाठी रॉबिन पक्ष्याचे उदाहरण पुरे आहे. एल्म वृक्षांवर पडलेल्या रोगाचा प्रसार एक भुंगेरा करतो, म्हणून अमेरिकेतील अनेक शहरांत या झाडांवर डीडीटी फवारले जात होते. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या परिसरात १९५४ मध्ये फवारणी सुरू झाली. पुढच्या वसंतात रॉबिन पक्षी नेहमीप्रमाणे परतले आणि थरथरत, तोल जाऊन मरू लागले. फवारणी तर झाडांवर झाली होती. पक्ष्यांवर कोणी काही टाकले नव्हते. तेथील प्राध्यापक जॉर्ज वॉलेस यांनी नोंदी ठेवल्या, इलिनॉयमधील रॉय बार्कर यांनी साखळी जोडून दिली. पानावर विष बसले. शरद ऋतूत पान गळले. गांडुळाने ते खाल्ले. गांडूळ मेले नाही, विष त्याच्या शरीरात साठले. वसंतात परतलेल्या रॉबिनने गांडूळ खाल्ले. अकरा मोठी गांडुळे एका पक्ष्याचा प्राण घेण्यास पुरेशी होत, आणि रॉबिन तेवढी काही मिनिटांत खातो. जे वाचले त्यांच्या घरट्यांत पिल्ले दिसेनाशी झाली. एका जीवाला मारू म्हणून निघालेला माणूस किती जीवांच्या मृत्यूचा निमित्त होतो आणि त्यांतील बहुतेकांची त्याला खबरही नसते, हे या एका साखळीत दिसते. पुस्तकाच्या त्या प्रकरणाचे नाव आधी ‘सायलेंट स्प्रिंग’ होते; तेच सबंध पुस्तकाला द्यावे, ही सूचना रोडेल यांची.

घरातले दिवस कठीण होते. १९५७ च्या आरंभी एक भाची वारली आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा कार्सन यांनी दत्तक घेतला. १९५८ च्या डिसेंबरात आई गेली. पहिल्या लेखापासून टंकलेखन करणारे हात थांबले. १९६० च्या एप्रिलात स्तनाची शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची आहे हे शस्त्रवैद्याने त्यांना सांगितलेच नाही. त्या काळी स्त्री-रुग्णांपासून असे लपविणे सर्रास चाले. वर्षअखेर क्लीव्हलँडच्या एका तज्ज्ञाने खरे सांगितले तोवर रोग पसरला होता. पुढे किरणोपचार, सांध्यांचा विकार आणि एक वेळ अशी की डोळ्यांच्या दाहामुळे वाचता येईना. साहाय्यिका जीन डेव्हिस प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवीत आणि कार्सन ऐकून दुरुस्त्या सांगत. आजाराबद्दल बाहेर कोणाशी बोलू नका, असे त्यांनी निकटवर्तीयांना बजावून ठेवले होते. पुस्तकात कीटकनाशके आणि कर्करोग यांच्या संबंधावर प्रकरण होते. लेखिकाच रुग्ण आहे हे कळले असते तर तिच्या पुराव्याला वैयक्तिक दुःखाचा रंग देणे विरोधकांना सोपे गेले असते.

जून १९६२ मध्ये ‘न्यूयॉर्कर’च्या तीन अंकांत मजकूर आला आणि २७ सप्टेंबरला पुस्तक. त्यापूर्वीच एका रसायन कंपनीच्या वकिलाने प्रकाशकांना पत्र लिहून, काही विधाने मागे घेतली नाहीत तर कारवाईला तोंड द्यावे लागेल, असे सूचित केले होते. प्रकाशकांनी मजकूर एका स्वतंत्र विषतज्ज्ञाकडून तपासून घेतला आणि पुस्तक आहे तसे छापले. खटला कधी झाला नाही. उद्योगाच्या प्रचारकांनी मग लेखिकेवर रोख धरला. डॉक्टरेट नाही, पद नाही, अविवाहित बाई, भावनाविवश. कार्सन यांनी या कशालाच उत्तर दिले नाही. पुस्तकाच्या अखेरीस ५५ पाने आधारांची होती. एकेका विधानाखाली कोणता निबंध, कोणता अहवाल, कोणाची साक्ष, हे त्यांत नमूद होते. रोजकीर्दीतल्या नोंदीवर शंका घेणाऱ्याला पावत्यांची फाइल दाखवावी, तसा तो प्रकार. मे १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने आपला अहवाल दिला. त्यात कार्सन यांच्या मुख्य प्रतिपादनाला दुजोरा मिळाला. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. त्या वेळी चालणेही त्यांना जड जात होते. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अमेरिकेने डीडीटीचा बहुतेक सारा वापर बंद केला तो १९७२ साली. भारतात शेतीसाठी त्याचा वापर १९८९ मध्ये थांबला. डास व वाळूमाशी यांच्या नियंत्रणासाठी तो पुढेही चालू राहिला.

कार्सन यांनी पुस्तक अर्पण केले आहे अल्बर्ट श्वाइट्झर यांना. आफ्रिकेतील लाम्बारेने येथे रुग्णसेवा करणारे हे तत्त्वज्ञ जीवमात्राविषयीच्या आदराला नीतीचा पाया मानीत. १९३५ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या भारतीय विचारावरील ग्रंथात त्यांनी अहिंसेच्या उगमाची चर्चा करताना जैन दर्शनाला महत्त्वाचे स्थान दिले आहे. त्यांची सगळी मीमांसा जैन अभ्यासकांना पटेल असे नाही. अहिंसा करुणेतून आली की संसारविरक्तीतून, यावर त्यांचे मत वादग्रस्तच आहे. पण अर्पणपत्रिकेवरील त्या नावापासून मागे जाणारी वाट आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचते. १९६३ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका प्राणिकल्याण संस्थेने कार्सन यांना श्वाइट्झर यांच्याच नावाचे पदक दिले. इंग्लंडमध्ये कोंबड्या आणि वासरे यांच्या कारखानी पैदाशीवर रूथ हॅरिसन यांनी लिहिलेल्या ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ या पुस्तकाची प्रस्तावनाही कार्सन यांचीच आहे. ते पुस्तक १९६४ मध्ये निघाले.

कार्सन यांची अहिंसा श्रावकाच्या अहिंसेइतकी पूर्ण नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. कीटकनाशके सर्वस्वी बंद करा, असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांचा विरोध अविचारी, सरसकट वापराला होता, आणि किडीचे नियंत्रण तिच्या नैसर्गिक शत्रूंकडून करावे असे त्या सुचवीत. त्यातही हिंसा आहेच. गंमत अशी की, ज्या ग्रंथालयात त्यांचे दप्तर आहे तेथेच १९७७ मध्ये पुस्तके पोखरणारे भुंगेरे सापडले. विषारी धुराऐवजी ग्रंथ अतिशीत तापमानात गोठवून ती कीड मारण्यात आली आणि ही पद्धत पुढे इतर ग्रंथालयांनी उचलली. विष टळले, हिंसा टळली नाही.

व्यापारी श्रावकाच्या दृष्टीने मात्र या दप्तरातील एक प्रश्न बोचरा आहे. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतांचे वर्णन करताना पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे श्रावकाने टाळावयाचे धंदे. त्यांत एक आहे विषवाणिज्य. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्याचा खुलासा करताना विष, शस्त्र यांच्याबरोबर हरताळाचाही उल्लेख केला आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे खनिज. डीडीटी येण्यापूर्वी शेतात जी विषे फवारली जात, त्यांत आर्सेनिकची संयुगे प्रमुख होती आणि कार्सन यांनीही त्यांची दखल घेतली आहे. बाराव्या शतकातील आचार्यांच्या आणि विसाव्या शतकातील लेखिकेच्या यादीत एकच वस्तू यावी, हे विचार करण्याजोगे आहे. विदर्भ, खानदेश, मराठवाडा येथील बाजारपेठांत बी-बियाणे, खते आणि औषधे यांचा व्यापार आपल्याही अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या बाटल्या कोणत्या ना कोणत्या दुकानाच्या फळीवरूनच गेल्या होत्या. शेतकऱ्याला पीक वाचवायचे आहे, दुकानदाराला धंदा करायचा आहे, आणि गिऱ्हाइकाने मागितलेला परवानाधारक माल नाकारणे सोपे नाही. तरी कोणती बाटली विकावी, विकताना किती सांगावे, तोंडाला फडके आणि हातमोजे घेतल्याशिवाय माल द्यावा की नाही, हे निर्णय गादीवर बसलेल्या माणसाच्या हातात असतात.

आता दप्तराकडे पुन्हा वळावे. कार्सन यांनी मृत्युपत्राने आपली कागदपत्रे येल विद्यापीठाला दिली. नव्याने उघडलेल्या बायनेकी ग्रंथालयातील जतनाच्या सोयी हे त्याचे एक कारण होते. त्यांची व्यवस्था लावण्याचे काम मेरी रोडेल यांच्यावर आले. जवळजवळ दोन वर्षे त्या हे कागद लावीत होत्या. त्यांनी एक विलक्षण पद्धत अवलंबिली. कार्सन यांना आलेली पत्रे त्यांनी ज्याची त्याला परत पाठविली आणि पत्र लिहिणाऱ्याने मान्य केले तेवढीच संग्रहात ठेवली. इतिहासकाराला हे खटकेल, कारण यात काय गळाले ते आता कळण्यास मार्ग नाही. पण नाव न सांगण्याच्या अटीवर ज्यांनी माहिती दिली होती, त्यांच्यापैकी काही तेव्हाही नोकरीत असतील. कार्सन यांनी दिलेला शब्द त्यांच्या माघारी रोडेल यांनी पाळला, असे या पद्धतीकडे पाहता येते. पत्र पोस्टात पडले तरी त्यावरचा लिहिणाऱ्याचा हक्क संपत नाही, ही जाण आज दुर्मीळ आहे.

आपल्या घरांतून जुन्या चोपड्या लाल बासनात बांधून ठेवलेल्या आढळतात. शंभर वर्षांपूर्वी कोणाकडे किती रुपये येणे होते ते त्यांत सापडते. त्याच घरातील आजीने माहेरी लिहिलेली पत्रे, तिने उतरवून घेतलेली स्तवने, चातुर्मासात प्रवचन ऐकताना केलेली टिपणे मात्र घर रंगवायला काढले की रद्दीत जातात.

कार्सन यांच्या संग्रहातून पुढे पुष्कळ बाहेर आले. लिंडा लियर यांनी १९९७ मध्ये त्यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले आणि पुढच्या वर्षी ‘लॉस्ट वुड्स’ या नावाने अप्रकाशित टिपणे, भाषणे आणि पत्रे एकत्र केली. १९४५ च्या शरद ऋतूत पेनसिल्व्हेनियातील एका डोंगरमाथ्यावर बसून स्थलांतर करणारे ससाणे पाहताना लिहिलेले टिपणही त्यात आहे. ते कोणत्याही मासिकासाठी लिहिलेले नव्हते.

सर्वांत खासगी पत्रे मात्र येलमध्ये नाहीत. साउथपोर्ट बेटावरील शेजारीण डॉरोथी फ्रीमन आणि कार्सन या मैत्रिणी बारा वर्षे एकमेकींना पत्रे लिहीत होत्या. मृत्यू जवळ आला तेव्हा दोघींनी मिळून त्यांतील शेकडो पत्रे नष्ट केली. उरली ती फ्रीमन यांनी सांभाळली, आणि १९९५ मध्ये त्यांच्या नातीने संपादित करून छापली. शास्त्रीय वादात कधी आवाज न चढविणारी लेखिका तेथे दमलेली दिसते, पुस्तक पुरे होईपर्यंत वेळ मिळेल का म्हणून धास्तावलेली दिसते, आणि काम हातावेगळे झाल्यावर रात्री मांजर जवळ घेऊन रडलेलीही दिसते. ती पत्रे मेन राज्यातील बेट्स महाविद्यालयात ठेवलेली आहेत. पुराव्याचे दप्तर पाहणारा अभ्यासक न्यू हेवनला जातो. त्या पुराव्याची किंमत काय पडली हे पाहायचे असेल, तर त्याला तेथून उत्तरेची वाट धरावी लागते.